आशीर्वचनानंतरचे सहा दिवस

आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारी छापील उपासनाक्रमाचा कागद मिळत असेल, तर तो बाकावर सोडून येऊ नये. घडी घालून पवित्र शास्त्रात (बायबलमध्ये) ठेवावा, घरी आणावा आणि फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लावावा. कागद मिळत नसेल, तर उपासनेतले टप्पे आठवतील तसे आपल्या हाताने लिहून काढावेत: उपासनेचे पाचारण (बोलावणे), स्तुतिगीत, पापकबुली, शास्त्रपाठ, संदेश, मध्यस्थीची (इतरांसाठीची) प्रार्थना, अर्पण आणि शेवटी आशीर्वचन. मिस्साला जाणाऱ्या कॅथलिक वाचकांना यात काही फरक दिसतील, पण सांगाडा ओळखीचाच वाटेल. पुढे जी पद्धत सांगणार आहे, तिचे सगळे भांडवल हा एक कागद आहे. रविवारी दीड तासात होणारा हा क्रम उरलेल्या सहा दिवसांवर पसरवायचा आणि त्यातला एकेक टप्पा दिवसात नक्की घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधून टाकायचा, एवढेच तिचे सूत्र आहे.

ही पद्धत मला कोणी शिकवली नाही; बाकीच्या सगळ्या पद्धती फसल्यावर ती हाती लागली. मी इंदूरमध्ये एका कापडाच्या पेढीवर हिशेब लिहितो. आमचे घराणे मूळचे नगर जिल्ह्यातले. आजोबा रेल्वेच्या नोकरीत महूला आले आणि आम्ही इंदूरकर झालो. (अहिल्याबाईंचे माहेरही त्याच जिल्ह्यातले, त्यामुळे नगरहून इंदूरला येण्यात आम्ही काही नवीन केले, असे आमच्या घरात कोणी मानत नाही.) तरुणपणी मी दर जानेवारीत पहाटे पाचला उठून एक तास ‘शांत वेळ’ पाळण्याचा आणि वर्षात संपूर्ण शास्त्र वाचण्याचा संकल्प करीत असे. शास्त्रात एकूण १,१८९ अध्याय आहेत, म्हणजे रोज तीन-चार वाचले तर वर्ष पुरते. हिशेब बरोबर होता, माणूस कच्चा होता. उत्पत्ती आणि निर्गम जोरात पार पडत, आणि फेब्रुवारीत लेवीयच्या होमार्पणांपाशी गाडी रुतत असे. मग ‘आपल्याला जमत नाही’ ही खंत डिसेंबरपर्यंत पुरे.

चूक वेळेच्या लांबीत नव्हती. मी उपासना ही दिवसात घुसवायची एक जादा गोष्ट समजत होतो, आणि दिवस आधीच भरलेला होता. मराठीतला ‘उपासना’ हा शब्द मुळात ‘जवळ बसणे’ असा आहे, आणि जवळ बसायला वेगळी खोली लागतेच असे नाही. इब्री शास्त्रात तर ‘अवोदा’ हा एकच शब्द मिसरातल्या वेठबिगारीलाही वापरला आहे आणि निवासमंडपातल्या सेवेलाही. आपल्याकडे ‘सेवा’ हा शब्द नोकरीलाही चालतो आणि देवालाही, तसेच काहीसे. पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात जेव्हा आपली शरीरे जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करा असे विनवतो, तेव्हा तो गीतांबद्दल किंवा प्रार्थनेच्या तासाबद्दल काहीच बोलत नाही. तो झोपणारे, जेवणारे, गाडी चालवणारे आणि कामावर थकणारे शरीर मागतो. तेव्हा दिवस जसा आहे तसाच ठेवून सुरुवात करावी.

पाचारण: मोबाइलच्या आधी

पहिला टप्पा अगदी लहान ठेवावा. जाग आल्यावर आणि मोबाइल हातात घेण्यापूर्वी एक वाक्य बोलावे. पाचव्या स्तोत्रात सकाळी आपली विनंती देवापुढे मांडून वाट पाहण्याची भाषा आहे, तेवढे पुरते. माझे वाक्य ‘प्रभू, हा दिवस तुझा, आणि मीही’ असे आहे. आपले आपण ठरवावे, मात्र ते वर्षभर बदलू नये, कारण झोपेतून उठलेल्या माणसाला नवीन शब्द सुचत नाहीत. मोबाइल रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावला, तर हा टप्पा आपोआप जमतो. उशाशी असला, तर कधीच जमत नाही. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२९ साली सामान्य घरांसाठी लिहिलेल्या लहान प्रश्नोत्तरीत सकाळची प्रार्थना चार-सहा ओळींची दिली आहे आणि त्यानंतर एखादे गीत म्हणत आनंदाने आपल्या कामाला लागावे, असे सांगितले आहे. धर्मसुधारणेच्या धुमाळीत असलेल्या माणसाने घरच्यांकडून एवढेच मागितले, याची मला गंमतही वाटते आणि आधारही.

शास्त्रपाठ चहाला बांधावा. आधण ठेवल्यापासून कप हातात येईपर्यंत एक स्तोत्र सहज वाचून होते. स्तोत्रे १५० आहेत, म्हणजे रोज एक या वेगाने पाच महिने. त्यानंतर शुभवर्तमाने घ्यावीत. मत्तय २८, मार्क १६, लूक २४ आणि योहान २१ असे ८९ अध्याय होतात, म्हणजे रोज एक वाचल्यास तीन महिने. एकशे एकोणिसावे स्तोत्र १७६ वचनांचे आहे. ते आले की चहा उतू जाईल, म्हणून त्याचे मुळातच असलेले आठ-आठ वचनांचे २२ भाग २२ दिवसांत वाचावेत. वाचन मोठ्याने करावे. आपल्या मराठी शास्त्राची भाषा जुन्या वळणाची आहे, ती डोळ्यांपेक्षा जिभेला लवकर कळते.

पापकबुली: कचऱ्याच्या गाडीपाशी

आता जो टप्पा सांगतो तो इंदूरबाहेरच्या वाचकांना विचित्र वाटेल. आमच्या गल्लीत रोज सकाळी महापालिकेची कचरागाडी गाणे वाजवत येते. या शहरात कचरा घरातच वेगळा करून द्यावा लागतो: ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि इलेक्ट्रॉनिक, असे सहा प्रकार. एकदा आमच्या ओल्या कचऱ्याच्या बादलीत भिंतीवरच्या घड्याळाचा संपलेला सेल गेला होता. गाडीवरच्या ताईंनी बादली वाकडी करून आत पाहिले, बटाट्याच्या सालांमधून दोन बोटांनी तो सेल उचलला आणि काही न बोलता माझ्या तळहातावर ठेवला. मी बादली घेऊन जिना चढत होतो, आणि आदल्या रात्री केलेली ‘माझ्या सर्व पापांची क्षमा कर’ ही प्रार्थना मला आठवली. ती अशीच होती: सगळे एका बादलीत.

तेव्हापासून गाडीचे गाणे ऐकू आले की मी पापकबुली करतो, आणि ती वेगळी करून करतो. राग असेल तर कोणावर, लबाडी असेल तर कोणत्या आकड्यात, मत्सर असेल तर कोणाच्या नव्या घराचा, हे नावानिशी सांगावे. यासाठी दोन मिनिटे खूप होतात; जास्त वेळ घेतला तर मन स्वतःची वकिली सुरू करते. वेगळे केल्याचा खरा उपयोग असा की पुढे काय करायचे ते कळते, कारण काही गोष्टी केवळ देवाला सांगून सुटत नाहीत.

याचे एक उदाहरण माझ्याच पदरचे आहे. महिनाअखेरीला पेढीवर गठ्ठे मोजणाऱ्या एका तरुण हमालाने बिल्टीवरचा आकडा चुकीचा सांगितला आणि मी त्याला सगळ्यांसमोर नको तेवढे बोललो. त्या सकाळी माझे स्तोत्र वाचून झालेले होते, चहाही चांगला झाला होता. दुसऱ्या दिवशी गाडी आली तेव्हा मी ‘रागाबद्दल क्षमा कर’ म्हणालो आणि लगेच मत्तयाच्या पाचव्या अध्यायातली ती अडचणीची वचने आठवली, ज्यांत येशू म्हणतो की वेदीपाशी दान आणले असताना भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. दुपारी चहाच्या वेळी मी गोदामात गेलो आणि ‘काल माझे चुकले’ एवढेच म्हणालो. त्याने मान हलवली आणि आपल्या ग्लासातला अर्धा चहा दुसऱ्या ग्लासात ओतून माझ्याकडे सरकवला. त्या आठवड्यातले माझे अर्पण कोणते, असे विचारले तर मी दानाच्या थैलीत टाकलेल्या नोटेचे नाव घेणार नाही.

समेटाची गोष्ट निघाली की इंदूरच्या ख्रिस्ती माणसाला सिस्टर राणी मारिया आठवतातच. उदयनगरच्या आदिवासी आणि भूमिहीन लोकांना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी त्या झटत होत्या, आणि २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांचा खून झाला. वय होते ४१. पुढे त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही धर्मभगिनी आहेत, २००२ साली तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी राणी मारिया यांना इंदूरमध्येच ‘धन्य’ (कॅथलिक संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले. आपल्यापैकी कोणाला एवढे मोठे काही करावे लागेल असे नाही. आपल्याला बहुधा नणंदेला फोन करावा लागतो, आणि तोही आठ दिवस पुढे ढकलला जातो. पापकबुली रोजच्या ठरलेल्या वेळेला बांधली की तो फोन किती दिवस ढकलला आहे, हे तरी लपत नाही.

अर्पण: कामाच्या जागी

नोकरी-धंद्यातले आठ-दहा तास उपासनेत कसे आणायचे, हा सर्वांत कठीण प्रश्न आहे, आणि तो टाळण्यासाठीच पुष्कळजण पहाटेचा तास वाढवत बसतात, असे माझे मत झाले आहे. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, जे काही कराल ते माणसांसाठी म्हणून न करता प्रभूसाठी म्हणून मनापासून करा, असे सांगितले आहे. आणि हे सांगितले आहे दासांना, ज्यांना काम निवडण्याची मोकळीक नव्हती. म्हणजे काम आवडते असण्याची अट नाही.

व्यवहारात त्याचे दोन भाग पडतात. पहिला सोपा आहे: काम सुरू करताना आणि संपवताना एक खूण ठेवावी. मी सकाळी टॅली उघडण्यापूर्वी हात टेबलावर ठेवून क्षणभर थांबतो आणि संध्याकाळी रोजमेळ जुळला की मनात ‘हे तुला’ म्हणतो. जुळला नाही, तरी म्हणतो. शिंपी पहिली सुई ओवताना, शिक्षिका हजेरी उघडताना, परिचारिका हात धुताना हीच खूण करू शकतात. हात धुणे तर दिवसात वीसदा होते. पॅरिसच्या कार्मेल मठातल्या स्वयंपाकघरात काम करणारे सतराव्या शतकातले ब्रदर लॉरेन्स प्रार्थनेची वेळ आणि भांड्यांच्या गोंगाटाची वेळ यांत फरक करत नसत, अशी त्यांची ख्याती आहे. त्या उंचीला आपण पोहोचू न पोहोचू, पण भांडी आपल्याकडेही आहेत.

दुसरा भाग महाग पडतो. एका जुन्या नोकरीत मला एक बिल मागची तारीख घालून करायला सांगण्यात आले. मी नकार दिला; आरडाओरडा झाला नाही, फक्त पुढच्या महिन्यापासून माझ्याकडची वही दुसऱ्याकडे गेली आणि माझ्याकडे पोस्टाची पाकिटे चिकटवण्याचे काम आले. त्या दिवसांत मी लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात पोहोचलो, जिथे खरी तागडी आणि खरी वजने ठेवण्याची आज्ञा आहे. ज्या पुस्तकात माझी गाडी दरवर्षी रुतत होती, त्याच पुस्तकात हिशेबनिसासाठी हे लिहून ठेवलेले होते. आमोस संदेष्टा पाचव्या अध्यायात याहून पुढे जातो: न्याय नसेल तर गाण्यांचा गोंगाटही दूर न्या, असे देवच म्हणतो. म्हणून आपल्या व्यवसायात वजनकाटा कुठे आहे, हे प्रत्येकाने एकदा बसून शोधावे. दुकानदाराचा काटा दिसतो; शिक्षकाचा उत्तरपत्रिका तपासण्यात असतो, घरमालकाचा अनामत परत देण्यात आणि गृहिणीचा कामवाल्या बाईंच्या खाड्यांच्या हिशेबात.

एक सावधगिरी येथेच नोंदवतो. काम ही उपासना आहे याचा अर्थ कामाच्या वेळी सहकाऱ्यांना प्रवचन देणे असा नव्हे. मालकाच्या वेळेत केलेले प्रवचन म्हणजे मापात मारलेले कापड.

अर्पणाचा स्वयंपाकघरातला प्रकार मला मिझोरमच्या बायकांकडून शिकण्यासारखा वाटतो. तिथल्या ख्रिस्ती घरांत प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ देवाच्या कार्यासाठी बाजूला काढण्याची चाल शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. आमच्या घरी तांदळाऐवजी तुरीची डाळ निघते. महिन्याच्या शेवटी डबा कोणाकडे द्यायचा हे आधीच ठरवून ठेवावे, नाहीतर पाहुणे आले की तोच डबा उघडला जातो. आमच्याकडे दोनदा उघडला गेला आहे.

मध्यस्थी: रस्त्यावर

पलासियाच्या सिग्नलवर उलटे आकडे पळत असतात, तेवढ्यात एका माणसासाठी प्रार्थना होते. डोळे मिटू नयेत, हे सांगायला नको. रस्त्यावरच्या ठिकाणांना माणसे वाटून द्यावीत: एम. वाय. रुग्णालयावरून जाताना आजारी असलेल्या ओळखीच्यांसाठी आणि आत रात्रपाळी करून बाहेर पडणाऱ्यांसाठी, शाळेवरून जाताना मुलांसाठी, कचेरीवरून जाताना अधिकाऱ्यांसाठी. दानीएल यरुशलेमेकडे उघडणाऱ्या खिडकीपाशी दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे. शहरात राहणाऱ्याला रस्ता हीच खिडकी आहे. ‘तुमच्यासाठी प्रार्थना करीन’ असे कोणाला म्हटले असेल, तर ते नाव त्याच क्षणी एखाद्या ठिकाणाला बांधून टाकावे. नाहीतर ते वाक्य ख्रिस्ती लोकांतले ‘या कधीतरी घरी’ होऊन बसते.

जेवणापूर्वीच्या उपकारस्तुतीबद्दल थोडेच सांगतो. घरी ती बहुतेकजण करतात, बाहेर सोडून देतात. ठेल्यावर पोह्यांची प्लेट हातात आली की घास घेण्यापूर्वी एक श्वास थांबावे. हात जोडून चारचौघांचे लक्ष वेधण्याची गरज नाही आणि लाजून टाळण्याचीही नाही. पुनरुत्थानानंतर अम्माऊस गावाच्या वाटेवर बरोबर चालत आलेला येशू त्या दोघा शिष्यांना ओळखू आला तो भाकर मोडताना.

घरची उपासना

कौटुंबिक उपासना बंद पडण्याची दोन कारणे मी पुष्कळ घरांत पाहिली आहेत: ती लांबते, आणि तिचे रूपांतर मुलांना बोलणी खाण्याच्या वेळेत होते. वडील प्रार्थनेत ‘प्रभू, याला अभ्यासाची बुद्धी दे’ म्हणू लागले, की मुलगा पुढच्या दिवशी क्लास लांबल्याचे कारण सांगतो. म्हणून आमच्याकडे सात मिनिटांचा नियम आहे. रात्रीच्या जेवणानंतर ताटे उचलण्यापूर्वी एक गीत, पाच-सहा वचने, प्रत्येकाचे एकेका वाक्याचे आभार आणि प्रभूची प्रार्थना. पाहुणे असले तरी चालते, ख्रिस्ती नसलेले असले तर त्यांना आधी विचारावे.

भाषेचा प्रश्न इंदूर, ग्वाल्हेर आणि बडोदा या तिन्ही ठिकाणच्या मराठी ख्रिस्ती घरांना पडतो. आम्ही रविवारी हिंदीत उपासना करतो, शास्त्र मराठीत वाचतो आणि मुलीला देवनागरी वाचता येत असली तरी मराठी शास्त्र अडखळत वाचावे लागते. पूर्वी मी तिला मराठीचा आग्रह करीत असे. आता ती हिंदीत वाचते, मी तेच वचन मराठीत वाचतो. तेविसाव्या स्तोत्राच्या दिवशी ती म्हणाली, ‘मुझे कुछ घटी न होगी’, आणि मी वाचले, ‘मला काही उणे पडणार नाही’. तिने विचारले, बाबा, घटी आणि उणे एकच का? मी म्हणालो, पेढीवर माल मोजताना जे कमी भरते ती घटी, घरात पाहुणे बसल्यावर पोळ्या कमी पडतात ते उणे. मेंढपाळ दोन्हीकडे बघतो. त्या दिवशी सात मिनिटांची वीस झाली, पण कोणी घड्याळ पाहिले नाही. दोन भाषांच्या घराने याला अडचण समजू नये.

गीत मात्र मराठीच असावे, असा माझा हट्ट आहे. माझ्या आजीच्या ‘उपासना संगीत’च्या प्रतीला हळदीची बोटे लागलेली आहेत, कारण ती ते पुस्तक देवळातून आल्यावर कपाटात न ठेवता मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवीत असे. नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्तभक्ती अभंगाच्या आणि कीर्तनाच्या वळणात आणली, त्याचा फायदा असा की ती गीते पेटी-तबल्याशिवाय, पोळ्या लाटताना, एकट्याच्या आवाजातही उभी राहतात. आठवड्याला एक गीत घ्यावे, तेच सहा दिवस म्हणावे, आणि शनिवारपर्यंत पुस्तक मिटून येऊ लागले की पुढचे घ्यावे.

रात्री मुलांच्या डोक्यावर हात ठेवून गणनाच्या सहाव्या अध्यायातले आशीर्वचन म्हणावे: ‘परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो.’ हे पाळकांनीच म्हणायचे असते, असा समज मनातून काढावा. मूल मोठे होऊन पुण्याला शिकायला गेले असेल, तर फोन ठेवताना म्हणावे. पहिल्या चार वेळा दोघांनाही अवघडल्यासारखे होते. दिवे मालवल्यावर येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोलांनी शिकवलेली उजळणी करावी, म्हणजे देवाचे आभार मानून, त्याच्याकडे प्रकाश मागून, दिवस सकाळपासून तासातासाने आठवावा, चुकले तिथे क्षमा मागावी आणि उद्याचा एक निश्चय करावा. मी बहुधा दुपारच्या जेवणापर्यंत पोहोचतो आणि झोपी जातो. चौथ्या स्तोत्राचा शेवट निर्धास्त झोपण्याचाच आहे, तेव्हा त्याची फार टोचणी लावून घेत नाही.

जेव्हा शब्द येत नाहीत

घरात आजारपण असते, नोकरी गेलेली असते, किंवा काही कारण नसतानाही मन कोरडे पडते. अशा दिवसांत क्रमातले सगळे टप्पे गाळावेत आणि एक ठेवावा. शुभवर्तमानातल्या जकातदाराच्या आणि आंधळ्या बार्तीमयाच्या हाकेवरून पूर्वेकडच्या (ऑर्थोडॉक्स) मंडळ्यांत रूढ झालेली एक प्रार्थना आहे: ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवपुत्रा, मज पाप्यावर दया कर.’ श्वास घेताना अर्धी, सोडताना अर्धी. नामस्मरणाच्या प्रदेशात वाढलेल्या मराठी माणसाला तिचा सराव शिकवावा लागत नाही. आईच्या शेवटच्या आजारात रुग्णालयाच्या व्हरांड्यात मी महिनाभर एवढेच म्हणू शकलो.

तक्रार करावीशी वाटली तर करावी. त्यासाठी तेरावे स्तोत्र आहे, ‘किती वेळ?’ असे चार वेळा विचारणारे, आणि अठ्ठ्याऐंशीवे आहे, जे शेवटच्या ओळीपर्यंत अंधारातच राहते. ते शास्त्रात ठेवले आहे, कोणी त्याचा शेवट गोड केलेला नाही. रात्रपाळीच्या रखवालदारांसाठी आणि परिचारिकांसाठी एकशे चौतिसावे स्तोत्र आहे, तीनच वचनांचे, रात्री परमेश्वराच्या मंदिरात उभे राहणाऱ्यांना उद्देशून.

टप्पे पाळल्याचा तक्ता करू नये. हे मी हिशेबनीस असून सांगतो आहे. मी तो केला होता, रोज बरोबरच्या खुणा केल्या होत्या, आणि दोन महिन्यांत माझे लक्ष खुणांवर गेले; एकदा तर रात्री अकराला उठून केवळ खूण रिकामी राहू नये म्हणून स्तोत्र वाचले. तक्ता फाडला. सकाळी पन्नासजणांना वचनाचे चित्र पुढे पाठवणे हेही क्रमात धरू नये. त्यात वाचणे होत नाही, ढकलणे होते.

आणि यातले काहीही रविवारच्या ऐवजी नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा दहावा अध्याय एकत्र मिळणे सोडू नका म्हणतो, त्याला कारण आहे: प्रभुभोजनाची भाकर एकट्याने मोडता येत नाही, आणि आपल्या बेसूर गाण्याला शेजारच्या बाकावरचा सूर लागतो.

शनिवारी रात्री दहा मिनिटे काढावीत. अर्पणाची रक्कम पाकिटात घालून ठेवावी, म्हणजे सकाळी सुट्ट्यांसाठी खिसे चाचपावे लागत नाहीत. आठवड्यात रस्त्यावर ज्यांच्यासाठी प्रार्थना केली, त्यांतली जी नावे मंडळीपुढे मांडायची असतील, ती चिठ्ठीवर लिहून शास्त्रात ठेवावीत. कोणाशी समेट राहिला असेल, तर फोन अजून करता येतो. नऊच्या आत करावा. मग फ्रिजवरचा जुना उपासनाक्रम काढावा आणि चुंबक रिकामा ठेवावा, उद्याच्या कागदासाठी.